जॅक्सन हाइट्स–रूझवेल्ट ॲव्हेन्यू स्टेशन आणि बाहेरची भटकंती

सातनंबरी (धागाकर्ती)

दर उन्हाळ्यात इथे एक तरी धागा निघतोच, आईबाबा येतायत, न्यूयॉर्कमध्ये देशी वस्ती कुठेय, जॅक्सन हाइट्सला जाण्यात अर्थ आहे का, पार्किंग मिळतं का. आणि खाली ठरलेला प्रतिसाद, ओक ट्री रोडला (न्यू जर्सीतल्या एडिसनचा देशी बाजार) सगळं मिळतं कशाला तडफडताय. मी इथून जवळच एल्महर्स्टला राहते, रोजचं जाणंयेणं याच स्टेशनातून, तर म्हटलं एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकू, पुढच्या वेळी नुसती लिंक डकवता येईल.

पहिलं म्हणजे पार्किंगचं डोक्यातून काढून टाका. ही वस्ती गाड्यांमुळे (म्हणजे रूळावरच्या) झालीये. वरची ७ नंबरची सबवे गाडी १९१७ साली इथवर आली तेव्हा आजूबाजूला बरीचशी शेतंच होती. खालची भुयारी लाईन १९३३ ची. दोन्ही एकावर एक येतात, तिथेच खाली बसचा अड्डा, लागार्डिया विमानतळाची बसपण इथूनच, त्यामुळे अर्धं क्वीन्स (न्यूयॉर्क शहराचा हा भाग) रोज इथे चढतं उतरतं आणि जो जिथला आहे त्याने स्टेशनच्या त्या बाजूला आपलं दुकान टाकलंय. गाडी लांब लावून चालत आलात की एकच रस्ता दिसतो, पटेल ब्रदर्समधून (देशी किराण्याचं दुकान) पिशव्या भरता आणि घरी जाऊन सांगता की काही विशेष नाही.

आता स्टेशन. नावंच दोन आहेत त्यामुळे नवा माणूस गोंधळतो. वरच्या ७ च्या फलाटावर पाटी ७४ स्ट्रीट–ब्रॉडवे, खाली ई, एफ, एम, आर या गाड्यांच्या फलाटावर जॅक्सन हाइट्स–रूझवेल्ट ॲव्हेन्यू. स्टेशन एकच आहे, आतल्या आत बदलता येतं, परत पैसे पडत नाहीत.

खाली दोन फलाट. एक मॅनहॅटनकडे जाणाऱ्यांचा, एक जमैका–फॉरेस्ट हिल्सकडे (क्वीन्समधलेच भाग) जाणाऱ्यांचा. प्रत्येक फलाटाच्या एका अंगाला फास्ट (ई, एफ), दुसऱ्या अंगाला स्लो (आर, एम). म्हणजे आर मधून उतरून ई पकडायची तर जिना चढायचा नाही, फक्त पाठ फिरवायची. मॅनहॅटनला जाताना ई चं पुढचं स्टेशन थेट क्वीन्स प्लाझा, मधली पाच स्टेशनं गाळते. त्यामुळे आर मधून आलेले आणि समोर ई उभी दिसलेले लोक जे धावतात त्यांच्या आड येऊ नका.

वर ७ ला उलटं आहे. तिथे फलाट दोन बाजूंना आणि मध्ये तीन रूळ, त्यामुळे वर जायच्या आधीच ठरवायचं, फ्लशिंग की मॅनहॅटन, चुकीच्या बाजूला चढलात तर पूर्ण खाली येऊन परत वर. मधल्या रूळावरून ७ ची फास्ट जाते ती इथे थांबतच नाही, धडधडत निघून जाते. गाडीच्या तोंडावर ७ चा आकडा गोलात असेल तर ती थांबणारी, चौकटच्या एक्क्यासारख्या चौकोनात असेल तर न थांबणारी. टाइम्स स्क्वेअरहून येताना हे बघूनच चढा, नाहीतर ६१ स्ट्रीटनंतर सरळ जंक्शन बुलेवार्डला उतराल.

स्टेशन २००५ च्या सुमाराला पूर्ण नव्याने बांधलंय, लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत. ७ कडे जाताना रंगीत काचा लावल्यात त्याकडे कोणी बघत नाही पण संध्याकाळचं ऊन त्यातून आलं की दोन मिनिटं थांबण्यासारखं असतं. टॉम पॅटी नावाच्या कलाकाराचं काम आहे ते.

बाहेरचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, डब्यांचं बघायचंय.


इडलिंबू

छान सुरुवात. वाखूसा (वाचनखूण साठवली). ते मेट्रोकार्ड आता नाही ना मिळत? सासूसासरे येतायत मेमध्ये.


सातनंबरी

नाही, २०२५ संपलं तशी विक्री बंद. आता टॅप. बँकेचं कार्ड किंवा फोन फिरत्या दांड्यापाशी टेकवायचा, ३ डॉलर जातात (जानेवारी २०२६ पासून, आधी २.९० होते). सात दिवसांत ३५ डॉलर झाले की त्या सात दिवसातले पुढचे प्रवास फुकट, पण त्यासाठी दर वेळी तेच कार्ड हवं. लोक एकदा फोन टेकवतात एकदा कार्ड, अकाऊंट एकच आहे म्हणून. मशीनला ती दोन वेगळी माणसं वाटतात. सासूसासरे भारतातलं कार्ड आणणार असतील तर निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर आणि टॅप दोन्ही चालू करायला सांग, इकडे आल्यावर ओटीपी भारतातल्या सिमवर जातो आणि मग सगळाच आनंद.

लहान मुलं ४४ इंचांपर्यंत फुकट.


ओकट्रीकर

सविस्तर आहे, मान्य, पण तरीही विचारतो की एडिसनहून एवढं उठून यायचं कशाला? किराणा, दागिने, साड्या, चाट, सगळं आमच्याकडे जास्त आणि मोठं आहे. पटेल ब्रदर्स आमच्याकडे पण आहे. ७४ स्ट्रीटवर मागच्या वेळी आलो तर अर्ध्या साड्यांच्या दुकानांच्या जागी मोबाईलची दुकानं. जॅक्सन हाइट्स ऐंशीच्या दशकात ठीक होतं हो, आता देशी माणूस जर्सीत नाहीतर लाँग आयलंडच्या हिक्सव्हिलला गेला.


हडसनपार

@ओकट्रीकर, साड्यांचं बरोबर आहे तुमचं. पण तुम्ही भारतीय दुकानं मोजताय, ती कमी झालीच आहेत. त्यांच्या जागी जे आलंय ते तुमच्या एडिसनला नाही. ७३ स्ट्रीट बघा, ७४ ला लागूनच, अख्खी बांगलादेशी, २०२३ मध्ये त्या रस्त्याला बांगलादेश स्ट्रीट असं नावच दिलंय.

आणि जर्सीकरांसाठी माझी टीप. पेन स्टेशनला एनजे ट्रान्झिटने (जर्सीची रेल्वे) उतरा आणि आठव्या ॲव्हेन्यूच्या बाजूला निळ्या पाट्या धरून चला. ई हवी, ए नाही, दोन्ही निळ्याच आहेत. तिथे ए मधल्या फलाटावर येते आणि ई कडेच्या फलाटावर, पाटीवर अपटाऊन आणि क्वीन्स लिहिलेलं बघा. वीसपंचवीस मिनिटांत जॅक्सन हाइट्स. जर्सी सिटीवाल्यांनी त्याहून सोपं करावं, पाथने (जर्सीहून नदीखालून येणारी गाडी) वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि तिथून ई. ई तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा नक्की, पेनला येईपर्यंत ती भरलेली असते. आईवडील बरोबर असतील तर मी हाच रस्ता घेतो, वेळ थोडा जास्त जातो पण पूर्ण वेळ बसून.


सातनंबरी

हां, आता बाहेरचं.

७४ स्ट्रीटच्या बाजूने बाहेर पडा. डोक्यावर ७ चा लोखंडी पूल, खाली रूझवेल्ट ॲव्हेन्यू, ब्रॉडवे तिरका येऊन मध्ये घुसतो त्यामुळे चौक कुठे सुरू होतो कुठे संपतो कळत नाही, वरून गाडी गेली की खाली बोलणारे सगळे अर्ध्या वाक्यात थांबतात आणि गाडी गेली की तिथूनच पुढे सुरू. एकदा गंमत म्हणून बघा, भाजीवाला, फोनवर भांडणारी बाई, कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

रूझवेल्टला पाठ करून ७४ स्ट्रीटने चालायला लागलं की डावीकडे लगेच डायव्हर्सिटी प्लाझा. पूर्वी ३७ रोडचा हा तुकडा गाड्यांचा होता, तो बंद करून चौक केलाय. संध्याकाळी बांगलादेशी काका लोक उभ्याउभ्या ढाक्याचं राजकारण करत असतात, हातात फुकट मिळणारी बंगाली साप्ताहिकं, शेजारी तिबेटी आजी माळ ओढत बसलेल्या. इथून पुढे मोमो. गाड्यांवर, दुकानांच्या मागच्या बोळात, वरच्या मजल्यावर, मोबाईलच्या दुकानातून आत जाऊन, सगळीकडे मोमो. इथे पूर्वापार बीफचे जास्त चालतात, तेव्हा न खाणाऱ्यांनी आधी विचारायचं, चिकनचे आणि बटाट्याचे पण असतात बऱ्याच ठिकाणी. लाफिंग नावाचा तिबेटी पदार्थ खाऊन बघा. मुगाच्या स्टार्चची थंडगार गिळगिळीत वडी, त्यावर लाल तिखट तेल, लसूण, व्हिनेगर. पहिल्या घासाला माझ्या भावाने तोंड वाकडं केलं आणि मग माझीही वाटी संपवली.

७४ स्ट्रीटच्या पाटीवर मान वर करून बघा, खाली दुसरं नाव आहे, कल्पना चावला वे. कोलंबिया यान कोसळलं त्याच्या पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, दिलेलं. पिशव्या घेऊन खाली बघत चालणाऱ्या देशी माणसाला ते सहसा दिसत नाही.


पावशेर_गप्पा

फुचका राहिला!! मोमो लिहिले आणि फुचका नाही म्हणजे काय.


सातनंबरी

येतच होते त्यावर. ३७ ॲव्हेन्यूच्या तोंडाशी ७३ स्ट्रीटवर गाड्या लागतात. पाणीपुरी समजून जाऊ नका. पुरी लहान आणि कडक, आत वाटाण्याचा लगदा मसाला घालून, कांदा, मिरची, कोथिंबीर, पाणी वेगळ्या वाटीत आणि ते चिंचेचं, पुदिन्याचं नाही. आणि वर उकडलेलं अंडं किसून घालतात, अगदी बारीक, खोबऱ्यासारखं दिसतं. शाकाहारी पाहुणे असतील तर ऑर्डर देतानाच सांगा, अंडं नको. तो मुलगा मुकाट्याने वेगळी प्लेट करून देतो, रोजचंच आहे त्याला.


इडलिंबू

बापरे, बरं झालं सांगितलंस. सासूबाईंनी खोबरं म्हणून खाल्लं असतं आणि मग मला जन्मभर ऐकावं लागलं असतं.


जुनाक्वीन्सकर

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आम्ही १९७९ ला आलो तेव्हा ७४ स्ट्रीटवर लोक आधी यायचे ते किराण्यासाठी नाही, २२० व्होल्टच्या वस्तूंसाठी. अमेरिकेत सगळं ११० व्होल्ट, भारतात नेऊन काय उपयोग. इथे दुकानं होती जिथे भारतात चालणारे मिक्सर, टेपरेकॉर्डर, पुढे व्हीसीआर मिळायचे. भारतात जाण्याआधी इथली चक्कर ठरलेली. कोणाच्या बहिणीचं लग्न, कोणाच्या मेव्हण्याची फर्माईश. खोकं एवढं मोठं की सबवेच्या फिरत्या दांड्यातून नेता यायचं नाही, मग बूथमधल्या माणसाला हाताने खूण करून बाजूचं दार उघडून घ्यायचं. आणि पुढे सहार विमानतळावर कस्टमवाल्यांशी वेगळी हुज्जत.

आणि ईगल थिएटर. ७३ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. मूळचं अर्ल, मधल्या काळात तिथे नको ते सिनेमे लागायचे. मग देशी मालकाने घेतलं आणि हिंदी सिनेमे सुरू केले. पाटीवरचं एकच अक्षर बदललं, आर काढून जी, झालं अर्लचं ईगल, पाटीचा खर्च वाचला. समोसे आतच मिळायचे, मध्यंतरात चहा. २००९ मध्ये मुंबईच्या निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सवाल्यांविरुद्ध संप केला, नवे सिनेमे यायचे थांबले, त्यात ते जे बंद पडलं ते पडलंच.

ओकट्रीकर म्हणतात तसे आम्हीही नंतर लाँग आयलंडला गेलो. मुलांच्या शाळा, अंगण वगैरे. पण म्हणून इथलं सगळं संपलं असं नाही हो. आम्ही ज्या बिऱ्हाडातून उठलो तिथे आता नेपाळी कुटुंब आहे, त्यांची मुलं शिकतायत. ती पण जातील लाँग आयलंडला.


ओकट्रीकर

@जुनाक्वीन्सकर काका, व्हीसीआरचं वाचून वडिलांची आठवण झाली, आमच्याकडे तो आलेला तो बहुतेक तुमच्याच त्या दुकानातला असणार. बरं, मुद्दा थोडा मान्य. पण हापूस? हापूस तरी आमच्याकडेच चांगला मिळतो.


हडसनपार

हापूस दोन्हीकडे एकाच विमानातून येतो साहेब. २००७ पर्यंत भारतीय आंब्याला अमेरिकेत बंदीच होती. मग विकिरण करून चालेल असं ठरलं आणि पहिले आंबे लासलगावच्या केंद्रातून आले, मुळात कांद्यासाठी काढलेलं केंद्र ते. म्हणजे रत्नागिरीचा आंबा नाशिक जिल्ह्यात जाऊन मग न्यूयॉर्कला. पेटी घेताना झाकण उघडायला लावा, वास घ्या, देठापाशी सुरकुत्या बघा. एप्रिलचा आंबा भाव खातो, मेच्या मध्यावर थांबलात तर बरा पडतो.


घाटवाट

मी कोथरूडहून लिहितोय, ऑगस्टमध्ये कामासाठी येतोय, एक शनिवार मोकळा मिळेल. खाणं झालं, दुकानं झाली, पण पायी हिंडण्यासारखं, बघण्यासारखं काही आहे का तिथे? पाच सहा तास धरा. देशी दुकानांत मला रस नाही, ती मी रोज बघतो :)

आणि स्टेशन एवढं गर्दीचं म्हणजे दादरसारखं का?


सातनंबरी

दादरच. वेस्टर्न सेंट्रल बदलणारे, त्यात फुलवाले भाजीवाले, त्यात फक्त घाईत चालणारे. पण दादरला गाडीत शिरायला जी कला लागते ती इथे लागत नाही, दोन मिनिटं थांबलं की पुढची येते, फक्त दारातून आधी उतरू द्या एवढं केलं तरी पुरे.

तुझ्यासारख्यासाठी तर भरपूर आहे. ३७ ॲव्हेन्यूवर उजवीकडे वळ आणि चालत सुट, रस्त्यांचे आकडे वाढत जातात, ७५, ७६, ७७. ७६ च्या पुढे एकदम शांत होतं. मोठी जुनी विटांची घरं, पाच सहा मजली, प्रत्येक ब्लॉकच्या पोटात बाग. क्वीन्सबरो कॉर्पोरेशन नावाच्या कंपनीने ७ येणार हे बघून आधीच जमीन घेतली आणि वसाहत आखली, मॅनहॅटनमध्ये कोंदट जागेत राहणाऱ्यांना झाडं, उजेड आणि गाडी तिन्ही देतो म्हणून जाहिरात. अर्थात सगळ्यांना नाही, ज्यूंना आणि काळ्या लोकांना तिथे घर मिळत नसे, हे पण त्या सुंदर बागांबरोबर माहीत असावं. आज जगात कुठले कुठले लोक तिथे राहतात ते बघितलं की त्या कंपनीवाल्यांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. १९९३ पासून हा भाग ऐतिहासिक म्हणून राखीव आहे, बाहेरून खिडकी बदलायची तरी परवानगी लागते.

बागा खाजगी आहेत, आत सोडत नाहीत, फाटकातून डोकवायचं. ८० आणि ८१ स्ट्रीटच्या मध्ये ३४ ॲव्हेन्यूपाशी द टॉवर्स म्हणून इमारती आहेत, तिथून आतलं बरंचसं दिसतं. जूनमध्ये एक वीकेंड काही बागा उघडतात पण तू ऑगस्टला येतोयस.

तिथूनच जवळ ३५ ॲव्हेन्यू आणि ८१ स्ट्रीटचा कोपरा गाठ. रस्त्याच्या पाटीवर प्रत्येक अक्षराखाली छोटा आकडा दिसेल. स्क्रॅबल शोधणारा आल्फ्रेड बट्स इथे राहायचा, आर्किटेक्ट होता, मंदीत काम गेलं तेव्हा घरी बसून हा खेळ तयार केला, आणि त्या कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये लोकांना घेऊन खेळून बघायचा. पाटी मध्ये चोरीला पण गेली होती, नंतर परत लावली.

मग ३४ ॲव्हेन्यू. २०२० मध्ये इथलं एल्महर्स्ट हॉस्पिटल रोज बातम्यांत होतं, सगळे घरात कोंडलेले, आजूबाजूला धड बाग नाही, तेव्हा हा रस्ता दिवसा गाड्यांना बंद केला. तो तसाच राहिला. ६९ स्ट्रीटपासून जंक्शन बुलेवार्डपर्यंत २६ ब्लॉक, सव्वा मैलाहून थोडा जास्त. पोरं सायकली शिकतात, आज्या मधल्या बाकांवर बसतात, स्पॅनिश वर्ग भरतो, कोणीतरी झुंबा करत असतं. अख्खा चाल. पाय दुखले की दक्षिणेला वळून रूझवेल्टवर ये, कुठूनही ७ मिळेल.


पावशेर_गप्पा

आणि पत्त्यांचा तो डॅश समजावून सांग ना कोणीतरी. ३७-२७ ७४ स्ट्रीट असला पत्ता बघून माझा मित्र ७४ स्ट्रीटच्या ऐवजी ३७ स्ट्रीटला उतरायला निघाला होता.


हडसनपार

क्वीन्सचे पत्ते मुळात हुशार आहेत. ३७-२७ ७४ स्ट्रीट म्हणजे तुम्ही ७४ स्ट्रीटवर आहात आणि मागचा आडवा रस्ता ३७ नंबरचा, त्यापुढे घर २७. म्हणजे पत्त्यातच जवळचा कोपरा सांगितलाय. त्रास कशाचा होतो तर ३७ ॲव्हेन्यू वेगळा आणि ३७ रोड वेगळा, दोन्ही समांतर आणि जवळजवळ. फोनवर कोणी नुसतं "थर्टीसेव्हन अँड सेव्हंटीफोर" म्हणालं की विचारा, ॲव्हेन्यू की रोड.


निशिगंध७

सगळं छान छान लिहिलंय पण कोणीतरी हे पण लिहा की रात्री रूझवेल्टवर पूर्वेकडे ९० च्या पुढे बाईमाणसाने एकटीने हिंडू नये. मी तिकडे राहून गेलेय. दारूचे अड्डे, दलाल, हातात चिठ्ठ्या कोंबणारे. दिवसा काही नाही.


सातनंबरी

@निशिगंध७ लिहिलंस ते बरं केलंस. मी रात्री अकराला ऑफिसमधून येते तर ७४ पाशी गर्दी असते, कधी काही वाटलेलं नाही, पण पूर्वेकडे उशिरा मी पण उगाच जात नाही. स्टेशनात त्रास म्हणजे खिसेकापू आणि फोन हिसकावणारे, दारापाशी उभं राहून फोन बघत बसायचं नाही, दार बंद होताहोता ओढून पळतात. रात्री आर क्वीन्समध्ये येतच नाही आणि ई सगळीकडे थांबत येते, तेव्हा वेळ जास्त धरा. एम शनिवार रविवारी नाही.


कसावाकुमारी

दिवसाउजेडी मात्र तीच रूझवेल्ट ८२ पर्यंत तरी चालाच. ७४ पासून आठ ब्लॉकमध्ये भाषा बदलते, बंगाली नेपाळी संपून स्पॅनिश. कोलंबियन बेकऱ्या. आरेपा दे चोक्लो म्हणजे कोवळ्या मक्याची गोडसर जाड पोळी, तव्यावर लोण्यात भाजून मध्ये चीज. आमच्या आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली यात मिरचीचा ठेचा हवा, आणि पर्समधून काढला पण!

पानदेबोनो पण घ्या, गरम असतील तरच, गार झाले की रबर. कसाव्याच्या पिठाचे चीज घातलेले गोळे. कसावा म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तोच.


ओकट्रीकर

म्हणजे उपासाला चालतील!


कसावाकुमारी

मक्याचं पीठ पण असतं त्यात आणि बऱ्याचदा अंडं. तुमचं तुम्ही ठरवा, आषाढी एकादशीला मला विचारू नका.


घाटवाट

वा, शनिवार भरला माझा. एक शंका, जेएफकेला उतरतोय, तिथून इथे थेट येता येतं का? आणि परतीचं विमान लागार्डियाहून आहे, शिकागोला.


सातनंबरी

दोन्ही सोपं. जेएफकेहून एअरट्रेनने जमैका स्टेशन (त्याचे पैसे वेगळे पडतात), तिथे सबवेच्या पाटीवर सटफिन बुलेवार्ड, ई पकड, मॅनहॅटनकडची. फास्ट आहे, मध्ये मोजकी स्टेशनं. लागार्डियासाठी रूझवेल्टच्या बस अड्ड्यावरून क्यू ७०. २०२२ पासून फुकट आहे, काही टेकवायचं नाही, कुठल्याही दारातून चढ. टर्मिनल बी आणि सी ला जाते. शुक्रवारी संध्याकाळी ट्रॅफिक लागतं तेवढं हाताशी धर.

सामान असेल तर लिफ्टच घे. लिफ्ट कधी कधी बंद असते, एमटीएच्या (सबवे चालवणारी संस्था) साइटवर आजची स्थिती दिसते, निघताना बघ. शनिवार रविवारी रूळांची कामं काढतात, कधी ७ अर्धीच धावते आणि बाकी बस, कधी ई एफच्या मार्गाने जाते. फलाटावर चिकटवलेले कागद वाच, घोषणा ऐकून कोणालाही आजवर काही कळलेलं नाही.


जुनाक्वीन्सकर

खाली भुयारात अजून एक गंमत आहे. चालू फलाटांच्या वर एक अख्खा रिकामा फलाट बांधून ठेवलाय. १९३३ पूर्वी एक नवी शाखा काढायची योजना होती, तिच्यासाठी. रूळ कधी पडलेच नाहीत. रोज लाखभर लोक त्याच्या जवळून जातात आणि कोणाला पत्ता नाही. जाता येत नाही हो आत, विचारू नका.


इडलिंबू

सातनंबरी, शेवटचा प्रश्न. सासऱ्यांना फ्लशिंगच्या गणपतीला जायचंय, गुडघे दुखतात. इथूनच जाता येईल ना? सासूबाईंना कॅन्टीनचा डोसा खायचाय, कोणीतरी सांगितलंय.


सातनंबरी

येईल की. खालून आलात तर लिफ्टने वर ७ च्या फ्लशिंगकडच्या फलाटावर, शेवटचं स्टेशन फ्लशिंग मेन स्ट्रीट, तिथेही लिफ्ट आहे. पण देऊळ तिथून गुडघेवाल्यांना चालण्याइतकं जवळ नाही, बस आहे किंवा सरळ टॅक्सी कर, थोडेच पैसे होतात. देऊळ १९७७ चं, कॅन्टीन तळघरात. शनिवार रविवारी दुपारी रांग असते, अकराच्या आत पोचा. सासूबाईंना सांग आधी दर्शन मग डोसा असं केलं तर टेबल मिळत नाही, एकाने टेबल धरायचं.


इडलिंबू

सासरे धरतील, गुडघे आहेतच. थँक्यू गं.